खडी आमची, नकाशा त्यांचा

(नांदेडला तरुण कार्यकर्त्यांच्या अभ्यास शिबिरात केलेलं भाषण. दोन पोरांनी टिपून घेतलं होतं, त्यावरून इथं छापतोय. बोलणं बहुतेक आहे तसंच ठेवलंय.)



शिबिरवाल्यांनी मला विषय दिलाय, ‘महामार्ग आणि आपण’. आज सकाळी लातूरहून निघालो. चाकूर, अहमदपूर, लोहा, नांदेड. राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ३६१. तुळजापूरला सुरू होतो, औसा-लातूर करत नांदेडकडं येतो, पुढं अर्धापूर, हदगाव, उमरखेड, यवतमाळ, वर्धा करत नागपूरजवळ बुटीबोरीला टेकतो. ह्याच वाटेनं पोरवयात एसटीच्या मागच्या बाकावर बसून आलो की कंबर मोडायची आणि अर्धा दिवस जायचा. आज गाडी सरळ पळाली. खोटं कशाला बोलू, बरं वाटलं.

इथं काही दोस्त ‘महामार्ग मुर्दाबाद’ ऐकायच्या तयारीनं बसलेत. त्यांना आधीच सांगतो, तेवढ्यानं माझं भागत नाही. रस्ता नसतो तेव्हा वाड्यातला माणूस घोड्यावरून जातो, जीपनं जातो, ट्रॅक्टर जुंपून जातो. मरतो तो आपला माणूस.

१९८३ चा पावसाळा. आमचं गाव नांदेड-लातूरच्या मधलं, नदीकाठचं. नाव सांगत नाही, कारण असं गाव काही एकच नाही. माझ्या थोरल्या बहिणीला कळा सुरू झाल्या. दोन दारं फिरल्यावर तिसऱ्या दारी बैलगाडी मिळाली. नदीवर फरशी पूल होता आणि फरशीवरून छातीएवढं पाणी. रात्रभर अलीकडच्या काठावर पोत्याच्या आडोशाला बसलो. पहाटे पाणी उतरलं. बहीण वाचली, लेकरू गेलं. त्या दिवसापासून आमच्या वस्तीची एकच मागणी होती, पूल द्या. दर निवडणुकीला नारळ फुटला. तेव्हा पुलाच्या विरोधात बोलायची माझी तरी हिंमत नाही.

शेवटी पूल झाला. रस्ता रुंद झाला तेव्हा झाला. उंच, देखणा. पण पुलाला टेकायला दोन्ही बाजूंनी मातीचा भराव लागतो, तो भराव आमच्या वस्तीच्या खालच्या अंगानं गेला. आपली वस्ती गावात कुठं असते हे तुम्हाला सांगायला नको. गावकुसाबाहेर, उताराला. गावचं सगळं पाणी आपल्या दारावरून नदीला जातं. पूर्वी ते जायचं. आता पुढं माणूसभर उंच भिंत. पाणी काढून द्यायला भरावाखाली मोऱ्या ठेवल्यात, पण कमी आणि बारीक, त्याही पहिल्याच पावसात गाळानं बुजल्या. दुसऱ्या वर्षी माझ्या बहिणीच्या घरात गुडघाभर पाणी. ज्या पुलासाठी तिचं लेकरू गेलं, त्याच पुलानं तिची चूल विझवली. मला आज बोलायचंय ते ह्यावर. रस्ता हवा की नको हा वाद आपला नाही. रस्ता कुठून जाणार, किती उंच होणार, पाणी कुणाच्या दारात सोडणार, हे ठरतं त्या कागदावर आपलं नाव का नसतं, हा आपला वाद आहे.

माझी माय १९७२ च्या दुष्काळात ह्याच पट्ट्यात खडी फोडत होती. मी सहा वर्षांचा. दिवसभर उन्हात ढिगाशी बसायचं, एका हातात दगड, दुसऱ्यात हातोडा. खडी बारीक झाली की ब्रासवर मोजायची. मुकादम म्हणेल ते माप. रेशनवर अमेरिकेचा लाल मिलो, लेकरांना सुकडी. तुम्ही ज्याला आज जुना रस्ता म्हणता, मराठवाड्यातले तसे कितीतरी रस्ते, पाझर तलाव, नालाबंडिंग त्या दुष्काळी कामांतून झालं. त्या अनुभवातूनच १९७७ ला रोजगार हमीचा कायदा झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून लागू झाला. मोठमोठे अर्थशास्त्री त्याचं कौतुक करतात. करू देत. त्या कौतुकात हातोडा धरणारी बाई कुठं दिसते का बघा.

रस्ता रुंद करायला मोजणीवाले आले तेव्हा माय ओट्यावर बसलेली. म्हणाली, “काय मोजूलाले रे हे?” म्हणलं, रस्त्याची रुंदी. म्हणाली, “मस्टरवर महा अंगठा हाय की. दाखव त्यांला.”

मी हसलो. म्हणलं, माये, मस्टरवरच्या अंगठ्याला कोण विचारतंय, त्यांला सातबारा पाहिजे. ती म्हणाली, “मंग रस्ता सातबाऱ्यानं फोडला का?”

दोस्तहो, ह्याचं उत्तर मला आजवर सापडलं नाही.

रस्ता ही आपल्यासाठी कधीच नुसती डांबराची गोष्ट नव्हती. गावगाड्यात वाटाड्या कोण? महार. सरकारी साहेब आला की पुढच्या गावच्या शिवेपर्यंत वाट दाखवायची, त्याचं ओझं डोक्यावर घ्यायचं. शिवेचं भांडण निघालं की शीव कुठून जाते हे विचारायचं तेही महाराला. सगळ्या वाटा ज्याला पाठ, त्यानं गावातल्या गल्लीतून जाताना अंग चोरायचं. हे आपल्याकडंच होतं असं नाही. केरळात त्रावणकोर संस्थानात १८९३ साली अय्यनकाळी नावाचा पुलया जातीचा तरुण बैलगाडीत बसून सार्वजनिक रस्त्यावरून गेला, तेव्हा ती क्रांती ठरली. १९२४ ला वायकोमचा सत्याग्रह झाला, तो मंदिरात शिरण्यासाठी नव्हता. मंदिराभोवतीच्या रस्त्यावरून चालण्यासाठी होता. म्हणून बाबासाहेबांच्या घटनेचं कलम १५ नीट वाचा. विहिरी, तलाव, स्नानाचे घाट यांच्या रांगेत तिथं ‘रस्ते’ हा शब्द आहे. तो शब्द उगाच पडलेला नाही. त्याच्यामागं शेकडो वर्षांचा अपमान उभा आहे.

आता आपल्या मराठवाड्याकडं या. २७ जुलै १९७८ ला विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांनी विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव देण्याचा ठराव केला आणि मराठवाडा पेटवला गेला. ४ ऑगस्टला ह्याच नांदेड जिल्ह्यातल्या टेंभुर्णीत पोचीराम कांबळेंना मारलं. त्या दिवसांत रस्त्यांचं काय केलं माहीत आहे? झाडं आडवी पाडली, मोऱ्या उखडल्या, टेलिफोनच्या तारा तोडल्या. पोलीस वेळेवर पोचू नयेत आणि आपला माणूस पळून जाऊ नये म्हणून. पुढच्या वर्षी, नोव्हेंबर १९७९ मध्ये, नागपूरच्या दीक्षाभूमीवरून लाँग मार्च निघाला. तो कुठं अडवला? खडकपूर्णा नदीच्या पुलावर. पूल बांधलेला होता, डांबर ओतलेलं होतं, पण आपण चालत आलो की तो पूल बंद. नामविस्तार व्हायला १४ जानेवारी १९९४ उजाडावं लागलं. त्याच्या दीड-दोन महिने आधी, २५ नोव्हेंबर १९९३ ला, ह्या नांदेडात गौतम वाघमारेंनी स्वतःला जाळून घेतलं होतं.

आणि हे सगळं जुनं झालं असं कुणी म्हणत असेल तर त्यानं बोंढार हवेलीला जाऊन यावं. नांदेड शहरापासून हाकेच्या अंतरावर. १ जून २०२३ ला आपल्या एका तरुण कार्यकर्त्याचा तिथं खून झाला. गावात भीमजयंती काढली हा राग होता, असा घरच्यांचा आरोप. गावाजवळून चांगला रस्ता जातो. रस्त्यानं शहर गावाजवळ आलं, गावातली गल्ली मात्र होती तिथंच राहिली.

मी रस्त्याच्या बाजूनंही बोलतो. एसटीचा फाटा नसता तर मी शिकलो नसतो. त्या बसमध्ये तिकीट काढलं की सीट आपली, शेजारी देशमुख बसो नाहीतर देशपांडे. पण आताचे नवे रस्ते वेगळ्या जातीचे आहेत. समृद्धी महामार्ग घ्या. मुंबई-नागपूर, ७०१ किलोमीटर, डिसेंबर २०२२ पासून टप्प्याटप्प्यानं उघडला, ५ जून २०२५ ला पुरा झाला. त्याच्यावर मोटारसायकल चालत नाही, तीनचाकी रिक्षा चालत नाही. कारण सांगतात सुरक्षेचं, आणि त्या वेगात ते खोटंही नाही. पण मोटारसायकल कुणाकडं आहे? रिक्षा कोण चालवतो? बंदी जातीवर नाही, चाकांवर आहे. चाकं मोजली की माणसं तीच निघतात. आता जालन्याहून नांदेडला असाच द्रुतगती मार्ग आखलाय, सुमारे १७९ किलोमीटरचा. आपल्या वस्तीवरून तो जाईल. आपल्याला त्याच्यावर चढता येईल का, हे आजच विचारून ठेवा.

आणि ४ एप्रिल २०२५ विसरू नका. नांदेडजवळ आलेगाव शिवारात शेतमजूर बायांना कामावर घेऊन चाललेला ट्रॅक्टर ट्रॉलीसकट विहिरीत गेला. सात बाया गेल्या. वसमत तालुक्यातल्या गुंज गावच्या. एकीकडं सहा पदरी, आठ पदरी रस्त्यांचे नकाशे आणि दुसरीकडं मजूर बाईला शेतापर्यंत न्यायला ट्रॉली आणि बिनकठड्याची विहीर. दोन्ही एकाच तारखेला, एकाच जिल्ह्यात.

पूल बांधणारे हातही बघा. १ ऑगस्ट २०२३ च्या मध्यरात्री शहापूरजवळ सरळांबे इथं समृद्धीच्या पुलाचं काम चालू असताना गर्डर उचलणारं अवजड यंत्र कोसळलं. २० माणसं मेली. त्यातली किती परमुलखातून पोटासाठी आलेली. मायच्या वेळी हातोडा होता, आता क्रेन आहे. खाली उभा असलेला माणूस तोच.

आता जमिनीकडं येऊ. मोजणीवाला पहिल्यांदा काय विचारतो? सातबारा. ज्याच्या नावावर त्याला भरपाई. कागद सरळ आहे, म्हणून लोकांना वाटतं न्याय झाला. आपली माणसं त्या कागदातून कुठं कुठं गळतात ते मोजा.

पहिला गळतो गायरानवाला. १९६४-६५ ला दादासाहेब गायकवाडांच्या हाकेला लाखो भूमिहीन तुरुंगात गेले, त्यातून जमिनी कसायला सुरुवात झाली. मराठवाड्यात आपल्या माणसांनी मुरमाड गायरानं नांगराखाली आणली, दगड वेचले, ज्वारी-तूर घेतली. २८ नोव्हेंबर १९९१ च्या शासन निर्णयानं १४ एप्रिल १९९० पर्यंतची अशी वहिवाट नियमित करायची ठरली. किती झाली? ज्यांची झाली ते सुटले. बाकीचे तीन पिढ्या कसूनही सरकारदप्तरी ‘अतिक्रमणधारक’. महामार्गाला सरकारी जमीन सगळ्यांत सोपी. मालक सरकार, घेणारं सरकार, मधे भरपाई मागणारा कुणीच नाही. आणि भरावाला मुरूम पाहिजे, तोही गायरानातूनच उकरतात. कसदार थर जातो, मागं खड्डा राहतो. पावसाळ्यात त्या खड्ड्यात पोहायला जातात ती पोरंही आपलीच.

दुसरा गळतो बटईवाला आणि सालगडी. मालकाला पैसे मिळतात, तो लातुरात प्लॉट घेतो, पोराला कोचिंगला घालतो. त्या शेतात बारा महिने राबणाऱ्याला दुसऱ्या दिवसापासून काम नाही, आणि ‘प्रकल्पग्रस्त’ म्हणून त्याचं नावही नाही. तिसरी गळते रोजंदारीवाली बाई. वस्ती एका अंगाला, शेतं दुसऱ्या अंगाला, मधे चार पदर आणि लोखंडी कठडा. भुयारी वाट अर्ध्या कोसावर. डोक्यावर पेंडी, कडेवर लेकरू घेऊन तिनं कुठून जायचं? ती कठड्याला वळसा घालत नाही, वरून चढते. दुसऱ्या दिवशी पेपरात दोन ओळी, अज्ञात वाहनाच्या धडकेत महिला ठार. चौथा गळतो फाट्यावरचा. पंक्चरवाला, चपला शिवणारा, चहावाली. बायपास गावाबाहेरून गेला की फाटाच मरतो. त्याची कुठं नोंद नाही, कारण तो आधीपासूनच ‘रस्त्याच्या हद्दीत’.

माझ्या बहिणीचं घर वाहिलं तेव्हा मी कचेरीत गेलो. साहेब सज्जन होता. म्हणाला, “तुमचं घर संपादनात नाही. संपादनात नाही म्हणजे बाधित नाही.” घरात पाणी, चुलीत पाणी, पण बाधित नाही. मी म्हणलं, पाण्याला तुमचा गट नंबर वाचता येत नाही. ह्या वाक्यावर मी दोन दिवस खूश होतो. घरातलं पाणी त्यानं इंचभरही हटलं नाही. तेव्हा कळलं, खटकेबाज बोलून भागत नाही. कायदा वाचायला लागतो.

तो वाचला. तुम्हीही वाचा. २०१३ चा भूसंपादन आणि पुनर्वसनाचा कायदा आहे. त्याच्या कलम ३ मध्ये ‘बाधित कुटुंब’ कुणाला म्हणायचं ते लिहिलंय. त्यात नुसता मालक नाही. जमीन नसलेलं कुटुंबही आहे. शेतमजूर, कूळ, वाटेकरी, कारागीर, जो संपादनाच्या आधी तीन वर्षं त्या जमिनीवर काम करत होता आणि ज्याचं पोट मुख्यतः त्याच्यावर होतं, तो बाधित. ही ओळ आपल्यासाठी सोन्याची आहे. दुसऱ्या अनुसूचीत तर आकडे दिलेत. नोकरी, नाहीतर एकरकमी ५ लाख, नाहीतर वीस वर्षं दरमहा किमान २ हजार. विस्थापित कुटुंबाला वर्षभर दरमहा ३ हजार निर्वाहाला, ५० हजार सामान हलवायला. कारागीर आणि छोट्या दुकानदाराला किमान २५ हजार.

मग मिळत का नाही? एक गोम आहे. महामार्गाची जमीन राष्ट्रीय महामार्गांच्या १९५६ च्या कायद्यानं घेतात, राज्याचा रस्ता असला तर १९५५ च्या महाराष्ट्र महामार्ग कायद्यानं. त्या वाटेनं गेलं की २०१३ च्या कायद्यातली गावाच्या सामाजिक परिणामांची पाहणी गळते. केंद्राच्या महामार्गांना भरपाई-पुनर्वसनाच्या अनुसूची २०१५ च्या सुरुवातीपासून लागू झाल्या, ही खरी गोष्ट. पण घरोघर फिरून ‘इथं कोण कसतं, कोण राबतं’ हे विचारणारी पाहणीच नाही, तर भूमिहीनाचं नाव यादीत येणार कुठून? हक्क कागदावर आणि यादी कोरी. कोरी यादी कुणी भरायची? साहेब भरणार नाही, पाटील तर नाहीच. आपण भरायची.

कुणी म्हणेल, एकदा नकाशा झाला की काही बदलत नाही. साफ खोटं. आपण पँथर हा शब्द अमेरिकेतल्या काळ्या भावांकडून घेतला. ब्लॅक पँथर १९६६ ला ओकलंड शहरात सुरू झाली. तिथल्या वेस्ट ओकलंड ह्या काळ्यांच्या वस्तीच्या छाताडावरून १९५० च्या दशकात दुमजली महामार्ग नेला होता. सायप्रस फ्रीवे. तिकडं अशा रस्त्यांनी काळ्यांच्या कितीतरी वस्त्या चिरल्या, सेंट पॉल शहरातली रोन्डो, मायामीतली ओव्हरटाऊन. कारण जमीन स्वस्त आणि ओरडणाऱ्याचं कुणी ऐकणार नाही. १९८९ च्या भूकंपात सायप्रस फ्रीवे कोसळला, ४२ माणसं मेली. सरकार तो पुन्हा तिथंच बांधायला निघालं. वस्तीतले लोक उठले, म्हणाले, पुन्हा आमच्या घरांवरून नाही. आणि रस्ता वळवला. वस्तीच्या बाहेरून नेला. जुन्या जागेवर आज झाडांचा रस्ता आहे, त्याला मंडेलांचं नाव आहे. रस्ता दगडाचा असतो, नकाशा कागदाचा. कागद बदलतो.

इतकं लांब कशाला? आपल्याच राज्यात बघा. शक्तिपीठ महामार्ग. वर्ध्याजवळच्या पवनारपासून गोव्याच्या हद्दीवर पत्रादेवीपर्यंत, २०२५ च्या मान्यतेत सुमारे ८०२ किलोमीटर, १२ जिल्हे. माहूर, तुळजापूर, कोल्हापूर ही शक्तिपीठं जोडायची, १८ तासांचा प्रवास ८ तासांत करायचा. नांदेड, लातूर दोन्ही त्या नकाशात. २०२४ ला कोल्हापूरच्या शेतकऱ्यांनी रान उठवलं, आणि विधानसभेच्या निवडणुकीआधी त्या जिल्ह्यापुरतं भूसंपादन रद्द झालं. पुढं २४ जून २०२५ ला मंत्रिमंडळानं पुन्हा मान्यता दिली, जमिनीसाठी २० हजार ७८७ कोटींची तरतूद केली. पण त्यानंतरही आखणी बदलण्याची भाषा चालूच राहिली. म्हणजे रस्ता वाकतो. ज्याच्या मागं ऊस आहे, कारखाना आहे, आमदार आहे, त्याच्यासाठी वाकतो. आपल्यासाठी वाकायला आपल्या मागं काय आहे? वही आहे. संघटना आहे. एवढंच.

आता अवघड प्रश्न. नांदेड-लातूरचे शेतकरीही शक्तिपीठाच्या विरोधात रस्त्यावर आले. आपल्या काही पोरांनी मला विचारलं, आपण त्यांच्यात जायचं का? ज्यांच्या बापजाद्यांनी ७८ ला आपली घरं जाळली, त्यांच्या बांधासाठी आपण लाठ्या खायच्या? दुसरी पोरं म्हणतात, जाऊ दे की पाटलाची जमीन, आपल्या बापाचं काय जातंय.

ह्या दुसऱ्या पोरांना मी म्हणतो, तुमच्या आईचा रोज जातोय. बागायत गेली की पहिली चूल आपली विझते. पाटलाला पैसे मिळतात, आपल्याला सुट्टी मिळते. आणि पहिल्या पोरांना म्हणतो, राग बरोबर आहे, तो विसरू नका. पण जायचं. त्यांच्या सतरंजीवर मागं बसायला मात्र जायचं नाही. आपल्या अटींवर जायचं. निवेदनात ‘शेतकरी’ लिहिलं की त्याच ओळीत ‘भूमिहीन, बटईदार, गायरानधारक’ लिहा म्हणायचं. लिहिलं तर खांद्याला खांदा. नाही लिहिलं तर आपलं निवेदन वेगळं, मोर्चा वेगळा. कोण आपलं, कोण परकं हे घोषणेवरून कळत नाही. मागणीच्या कागदावर आपलं नाव घालताना ज्याचा हात थरथरतो, त्याच्यावरून कळतं.

शेवटी काम सांगतो. भाषण झालं, टाळ्या झाल्या, वडापाव खाल्ला आणि गेलो असं नको.

ह्या मार्गांच्या आखणीत जी गावं येतात, त्यांची यादी काढा. दोघा-दोघांनी एकेक गाव घ्या. पोरींनी नक्की जायचं, कारण बाया खरं पोरींनाच सांगतात. घरटी वही करा. कुटुंबात माणसं किती, कुणाच्या शेतात किती वर्षं राबतात, गट नंबर काय. तीन वर्षांचा पुरावा लागतो हे लक्षात ठेवा. रोजगार हमीचं जॉब कार्ड, रेशन कार्ड, ग्रामपंचायतीचा घराचा नमुना ८, लाइटबिल, सगळ्याची झेरॉक्स. गायरान असेल तर तलाठ्याकडून गाव नमुना १-ई काढा. ती अतिक्रमणाची नोंदवही. आपल्याला चोर ठरवायला ठेवलेली वही, पण आपण तिथं किती वर्षांपासून आहोत हे तीच सांगते. दंड भरल्याच्या जुन्या पावत्या पेटीत असतील, फेकू नका. तो दंड म्हणजे आपल्या वहिवाटीची साक्ष.

केंद्राचा महामार्ग असला तर आधी कलम ३-ए ची अधिसूचना निघते. ती दोन स्थानिक वर्तमानपत्रांत छापावी लागते. त्यानंतर हरकत घ्यायला फक्त २१ दिवस. पुढं ३-डी ची घोषणा झाली की जमीन सरकारची. म्हणून वाचनालयात रोज एकानं पेपर उलटायचा, आणि सिनेमाच्या पानाच्या आधी बारीक अक्षरातल्या जाहिराती वाचायच्या.

आणि नकाशावर चार गोष्टी मागायच्या. वस्तीच्या अंगाला मोऱ्या किती आणि केवढ्या. भुयारी वाट कुठं. सर्व्हिस रोड वस्तीपर्यंत येतो का. मुरूम कुठून उचलणार आणि खड्डा कोण बुजवणार. हे काम सुरू व्हायच्या आधी मागायचं. भराव पडल्यावर मोरी मागणं म्हणजे मढं नेल्यावर डॉक्टर मागणं. हे मी अनुभवानं सांगतोय. माझ्या बहिणीच्या दारातला भराव फोडून एक जादा मोरी टाकून घ्यायला आम्हाला चार पावसाळे गेले. अर्ज, धरणं, पुन्हा अर्ज. पण झाली. मागच्या पावसात घरात पाणी आलं नाही. पूल तसाच आहे, गाड्या तशाच पळतात, कुणाचा विकास अडला नाही. एक मोरी लागत होती फक्त. ती मूळ नकाशात का नव्हती? कारण नकाशा काढला तेव्हा त्या खोलीत आपल्यातलं कुणीच नव्हतं.

माय आता नाही. तिच्या अंगठ्याचं मस्टर कुठल्यातरी कचेरीत वाळवीनं खाल्लं असेल. तिला मी शब्द दिला होता की दाखवतो. ते दाखवणं आता तुमच्या वहीत आहे.

उद्या सकाळी सात वाजता फाट्यावर जमा. वह्या मी आणल्यात. पेन आपापलं आणा.

जय भीम.